एकाच बाजारात दोन मतपेट्या

रात्री दोनच्या सुमारास तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटात पाय ठेवायला जागा नसते. नाशिक, पुणे, साताऱ्याकडून निघालेल्या गाड्या गेटवर आवक नोंदवून धक्क्याला लागतात. माथाडींची टोळी फाळका पाडते, गोण्या आणि पाट्या उतरतात, गाळ्यापुढे थप्प्या लागतात. आठ वाजेपर्यंत भाव फुटून माल मुंबई-ठाण्याच्या मंडयांमध्ये पोचलेला असतो. दुपारी त्याच जागेवर झाडू फिरतो, सडलेला पाला गोळा होतो आणि रात्रीची तयारी सुरू होते. शेजारी कांदा-बटाटा, फळे, मसाला आणि धान्याची मार्केटे आहेत. एपीएमसी म्हणून आपण ज्याला ओळखतो तो हा पाच बाजारांचा मिळून एक मोठा बाजार आहे.

या जागेचा कारभार दोन निवडून आलेल्या संस्थांकडे आहे. एक नवी मुंबई महानगरपालिका आणि दुसरी मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती. बाहेरचा रस्ता, पाणी, गटार, कचरा, मालमत्ता कर हे पालिकेचे काम. गाळे, परवाने, बाजार फी, लिलाव, तोलाई हे समितीचे. दोन्हींची निवडणूक होते, दोन्हींचा निकाल लागतो, गुलाल दोन्हीकडे उधळला जातो. पण मतदार अगदी वेगळे आहेत. पालिकेला मत देतो तो इथे राहणारा माणूस, समितीला मत देतो तो धंद्याचा माणूस. शहराच्या निवडणुकीत मत कोणाला असावे, हा प्रश्न नीट समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आधी पालिकेकडे वळू. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिची पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. सिडकोने वसवलेल्या शहराला लोकांनी निवडलेला कारभार तेव्हा पहिल्यांदा मिळाला. संजीव नाईक पहिले महापौर झाले. पुढे २०००, २००५, २०१० आणि २०१५ अशा दर पाच वर्षांनी निवडणुका होत गेल्या. एप्रिल २०१५ चा निकाल मुद्दाम आठवण्यासारखा आहे. १११ प्रभाग, प्रत्येकातून एक नगरसेवक. राष्ट्रवादी काँग्रेसला ५२, शिवसेनेला ३८, काँग्रेसला १०, भाजपला ६ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. बहुमताला ५६ लागत होते. सगळ्यात मोठा पक्ष चार जागांनी अडला, काँग्रेसने हात दिला, राष्ट्रवादीचे सुधाकर सोनवणे महापौर आणि काँग्रेसचे अविनाश लाड उपमहापौर झाले.

महापौर मतदार निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात. त्यामुळे निकालाचा दिवस हा अर्धाच निकाल असतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीआधी राष्ट्रवादीचे इथले नेते गणेश नाईक भाजपमध्ये गेले आणि पालिकेतले राष्ट्रवादीचे बहुसंख्य नगरसेवक त्यांच्यामागे गेले. ज्या पक्षाला मतदारांनी ६ जागा दिल्या होत्या त्याच्या बाजूला पालिका झुकली, आणि त्या बदलासाठी एकाही मतदाराने बोटाला शाई लावलेली नव्हती.

शिवाय आपल्याकडे महापौराच्या हाती कारभार नसतो, तो आयुक्ताच्या हाती असतो. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहात आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव भाजपचे सहा नगरसेवक वगळता जवळपास सगळ्यांनी मंजूर केला. तरी मुंढे लगेच गेले नाहीत. त्यांना ठेवायचे की हलवायचे हे मंत्रालयात ठरणार होते, आणि बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. मुंढे बरोबर की नगरसेवक, हा वाद इथे बाजूला ठेवू. शहराने निवडलेले सभागृह एका बाजूला आणि शहर चालवणारा अधिकारी दुसऱ्या बाजूला, अशी आपली रचना आहे. ती लक्षात घेतल्याशिवाय पालिका निवडणुकीच्या निकालाचा अर्थ लागत नाही.

इंग्लंडमध्ये हे वेगळे आहे. तिथल्या बहुतेक शहरांत ज्या पक्षाकडे बहुमत त्याचा नेता कौन्सिलचा प्रमुख होतो, आपले मंत्रिमंडळ नेमतो आणि अधिकारी त्याच्या हाताखाली काम करतात. निवडणुकीची पद्धतही पाहण्यासारखी आहे. लीड्समध्ये ३३ वॉर्ड आणि ९९ नगरसेवक, मँचेस्टरमध्ये ३२ वॉर्ड आणि ९६ नगरसेवक. म्हणजे प्रत्येक वॉर्डात तिघे. पण ते एकदम निवडले जात नाहीत. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक वॉर्डातली एक जागा निवडणुकीला येते. तीन वर्षे असे चालते आणि चौथे वर्ष मोकळे जाते. सत्ताधारी पक्षाला जवळजवळ दर वर्षी लोकांपुढे उभे राहावे लागते आणि सभागृह कधी रिकामे पडत नाही. बर्मिंगहॅमने मात्र २०१८ पासून आपल्या १०१ जागा एकदमच निवडायला सुरुवात केली, कारण सततच्या निवडणुकांमुळे लांबचे आणि कठीण निर्णय घ्यायला कोणी धजत नाही, अशी दुसऱ्या बाजूची तक्रार असते. मला लीड्सची पद्धत अधिक पटते. वॉर्डाचा राग पाच वर्षे साठवून ठेवण्यापेक्षा वर्षभरात ऐकू आलेला बरा.

आपल्याकडे राग साठवायलाही पाच वर्षे पुरली नाहीत. नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात संपली. करोनामुळे निवडणूक पुढे गेली, हे समजण्यासारखे होते. इंग्लंडनेही मे २०२० च्या स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या आणि वर्षभराने, मे २०२१ मध्ये घेतल्या. आपल्याकडे करोना ओसरला, मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, मग प्रभाग किती आणि कसे यावर फेरविचार झाला, आणि वर्षे गेली. घटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे की पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तरीही ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा चाके हलली. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेपाच वर्षांहून अधिक काळ नवी मुंबईला नगरसेवक नव्हते.

या रिकाम्या काळाची किंमत सगळ्यात आधी एपीएमसीतच दिसली. एप्रिल-मे २०२० मध्ये मार्केटात करोना पसरू लागला. मुंबईचा भाजीपाला आणि धान्य इथूनच जाणार, त्यामुळे बंद करणे अवघड आणि चालू ठेवणे धोक्याचे. अखेर ११ ते १७ मे या काळात पाचही मार्केटे बंद ठेवली गेली. नेमक्या त्याच आठवड्याच्या तोंडावर पालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपलेली होती. आणि बाजार समितीचे संचालक निवडून आलेले असूनही त्यांचा सभापती निवडला गेला नव्हता. बाजार उघडा ठेवायचा की नाही, गाड्या किती सोडायच्या, तपासणी कुठे करायची, हे सगळे निर्णय अधिकाऱ्यांनी घेतले. त्यांनी रात्रंदिवस काम केले यात शंका नाही. पण माथाडीला आपले म्हणणे सांगायला आणि तुर्भ्याच्या रहिवाशाला जाब विचारायला निवडून दिलेला माणूस खुर्चीवर नव्हता. अशा वेळीच तर तो हवा असतो.

आता गेटाच्या आतली निवडणूक. मुंबई बाजार समितीची स्थापना १९७७ ची. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली राज्यभर बाजार समित्या आहेत, पण मुंबईची घडण निराळी आहे. इतर समित्यांना आपापले तालुक्याचे कार्यक्षेत्र असते. मुंबईला शेत नाही आणि शेतकरीही नाही, माल मात्र साऱ्या महाराष्ट्रातून येतो. म्हणून इथले शेतकरी प्रतिनिधी साऱ्या महाराष्ट्रातून येतात. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर या सहा महसूल विभागांतून प्रत्येकी दोन, असे बारा. त्यांना मत देतात त्या त्या विभागातल्या बाजार समित्यांचे संचालक. पाच मार्केटांतले परवानाधारक व्यापारी आपल्या मार्केटातून एकेक संचालक निवडतात, ते पाच. आणि हमाल-मापाडी, म्हणजे माथाडी आणि तोलणार, यांचा मिळून एक. निवडून येणारे असे अठरा.

काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिलेल्या या समितीची निवडणूक २९ फेब्रुवारी २०२० रोजी झाली आणि २ मार्चला मोजणी. नागपूर-अमरावतीचे मतदार आपल्या विभागात मत देत होते आणि त्यातून तुर्भ्याचा बाजार कोण चालवणार हे ठरत होते. राज्यात तेव्हा नुकतेच महाविकास आघाडीचे सरकार आले होते आणि समितीतही त्याच आघाडीची सरशी झाली. माथाडींच्या जागेवर शशिकांत शिंदे बिनविरोध आले. ऑगस्टमध्ये सभापतिपदी अशोक डक आणि उपसभापतिपदी धनंजय वाडकर यांची निवड झाली, म्हणजे सभापती मराठवाड्याचे आणि उपसभापती पुणे विभागातले. नवी मुंबईच्या मतदाराला या निवडीत काहीही म्हणण्याची जागा नव्हती, तसा त्याला हक्कही नव्हता.

या रचनेतली एक कच्ची बाजू २०२२ मध्ये उघडी पडली. शेतकरी संचालक मुंबईच्या समितीवर बसतो तो आपल्या गावाकडच्या समितीचा सदस्य म्हणून. तिथली मुदत संपली की इथली पात्रताही अडचणीत येते. काही संचालकांच्या बाबतीत तसे झाले, गणपूर्तीचा प्रश्न उभा राहिला आणि समितीचे निर्णय खोळंबले. शेकडो कोसांवरच्या एखाद्या तालुक्यात निवडणूक लांबली म्हणून मुंबईच्या बाजाराचे काम अडावे, हे कोणालाच शोभणारे नाही.

धंद्यावरून मत देण्याची पद्धत जुनाट आहे असे वाटेल, पण ती लंडनमध्ये आजही चालू आहे. लंडन शहराच्या पोटात ‘सिटी ऑफ लंडन’ नावाचे एक चौरस मैलाचे जुने शहर आहे, बँका आणि विमा कंपन्यांचे. २०२१ च्या जनगणनेत तिथे राहणारे साडेआठ हजारांच्या आसपास होते, तर कामाला येणारे काही लाख आहेत. इंग्लंडमध्ये इतरत्र व्यवसायाच्या जागेवरून मिळणारे मत १९६९ मध्ये रद्द झाले, सिटीत ते टिकले आणि २००२ च्या कायद्याने वाढले. नऊपर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेला एक मतदार नेमता येतो. पन्नासपर्यंत दर पाच कामगारांमागे एक. पन्नासच्या पुढे दहा, आणि वरच्या दर पन्नासांमागे आणखी एक. पाचशे माणसांच्या कंपनीला असे एकोणीस मतदार मिळतात. या मतदारांच्या आणि रहिवाशांच्या मतांवर २५ वॉर्डांतून १०० नगरसेवक निवडले जातात. गेली निवडणूक मार्च २०२५ मध्ये झाली.

आपल्याला हे कौन्सिल जवळचे वाटावे असे दुसरेही कारण आहे. लंडनचे मोठे घाऊक बाजार तेच चालवते: स्मिथफिल्डचा मटण बाजार, बिलिंग्जगेटचा मासळी बाजार आणि न्यू स्पिटलफिल्ड्सचा भाजी-फळांचा. यांतले दोन बाजार मुंबईच्याच काळात गर्दीतून उठवले गेले. बिलिंग्जगेट १९८२ मध्ये सिटीबाहेर गेले आणि स्पिटलफिल्ड्स १९९१ मध्ये नव्या जागी. आपल्याकडे मशीद बंदर, दाणाबंदर, क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळ्यातला व्यापार ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्यापासून खाडीपलीकडे जाऊ लागला, मग मसाला आणि धान्य गेले, आणि १९९६ मध्ये फळे-भाजीपाला. पण बिलिंग्जगेट सिटीबाहेर गेले आणि मत मागे राहिले. बिलिंग्जगेटचा गाळेधारक ज्या कौन्सिलच्या जागेत बसतो त्या कौन्सिलला त्याला मत देता येत नाही, कारण त्याचा गाळा आता सिटीच्या हद्दीत नाही. हमालाची तर गोष्टच नाही. बिलिंग्जगेटच्या हमालांना कॉर्पोरेशन शंभराहून अधिक वर्षे परवाना देत असे, छातीवर बिल्ला असे. २०१२ मध्ये ते परवाने रद्द झाले आणि परवानाधारक हमाल ही जातच तिथून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने स्मिथफिल्ड आणि बिलिंग्जगेट नव्या जागी हलवण्याची योजनाही सोडली. व्यापाऱ्यांना भरपाई देऊन हे बाजार चालवणे थांबवायचे, असे तेव्हा ठरले.

बिलिंग्जगेटच्या हमालाला न मिळालेली जागा तुर्भ्याच्या माथाडीला मिळालेली आहे, आणि ती कोणी दान दिलेली नाही. अण्णासाहेब पाटलांनी मशीद बंदरच्या काळापासून हमालांना एकत्र केले. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मजुरी मंडळामार्फत जमा होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना आला. बिल्ला असलेला माथाडी टोळीत काम करतो आणि टोळीची मजुरी वाटून घेतो. वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा, दर काय असावा यावर तो व्यापाऱ्याशी बरोबरीने बसून बोलतो. देशात हमालांचे असे दुसरे उदाहरण सापडायला कष्ट पडतील.

हा माथाडी प्रामुख्याने साताऱ्याचा, सांगलीचा, पुण्याच्या डोंगराळ तालुक्यांतला. घर कोपरखैरणे नाहीतर घणसोलीत, आई-बाप आणि पाच-दहा गुंठे गावाला. त्याचे मत कुठे असावे? कायदा म्हणतो, जिथे तो सर्वसाधारणपणे राहतो तिथे, आणि एकाच ठिकाणी. प्रत्यक्षात सातारची निवडणूक लागली की उमेदवार रात्री एपीएमसीत येतात, गाड्या ठरतात, मतदानाच्या दिवशी मार्केटात माणूस मिळत नाही. २३ मार्च २०१४ रोजी माथाडी मेळाव्यात शरद पवार असे काही बोलून गेले की देशभर गाजले. साताऱ्यात मतदान १७ एप्रिलला आणि इकडे २४ ला, तेव्हा तिकडे मत देऊन या आणि शाई पुसून इकडेही द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. ते गमतीने म्हटले होते असा खुलासा त्यांनी केला आणि निवडणूक आयोगाने नाराजी नोंदवली. दोनदा मत देणे गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण त्या मेळाव्यातल्या माणसांची दोन गावे आहेत, हे त्यातून दिसले. गावच्या खासदाराला मत देणारा माथाडी ज्या प्रभागात आयुष्यभर ओझे वाहतो तिथल्या पालिकेच्या यादीत सापडत नाही, आणि त्याच्या मुलांची शाळा, घरचे पाणी, रस्ता तिथलाच असतो. घर इथे असेल तर नाव इथे नोंदवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाशी नाते मतदार यादीतल्या नावावर टिकलेले नसते.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पालिकेची पद्धत बदलली. १११ जागा तेवढ्याच राहिल्या, पण एकेकट्या प्रभागांऐवजी २८ पॅनेल झाली, त्यांतली २७ चार सदस्यांची आणि एक तिघांचे. मतदाराने अ, ब, क, ड अशी चार वेगळी मते द्यायची. राज्यात एकत्र असलेले भाजप आणि एकनाथ शिंदे यांची शिवसेना इथे समोरासमोर लढले. १६ जानेवारीला मोजणी झाली. भाजपला ६५ आणि शिंदेसेनेला ४२ जागा मिळाल्या, बाकी सगळ्यांच्या वाट्याला चार राहिल्या. बहुमत स्वच्छ आले. चौघांच्या पॅनेलमध्ये तुंबलेल्या गटाराची तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न मात्र मार्केटच्या आसपास राहणाऱ्याला पाच वर्षे पडणार आहे.

आणि दोन्ही मतपेट्यांच्या बाहेर राहिलेली माणसे तर वेगळीच. मसाला मार्केटात मिरचीचे देठ खुडणाऱ्या आणि धान्य निवडणाऱ्या बायका पाहा. तोंडाला पदर बांधून, ठसका आवरत दिवसभर बसून काम करतात. त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे माथाडीचा किंवा मापाड्याचा परवाना नाही त्यांना समितीत मत नाही. गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपणारे उत्तर प्रदेश-बिहारचे पोरगे आहेत. त्यांना परवाना नाही आणि पत्त्याचा कागदही नाही, म्हणून समितीत मत नाही आणि पालिकेतही नाही. करोनाच्या वेळी सगळ्यात आधी गावाकडे चालत निघाले ते असेच लोक होते.

समितीच्या रचनेत मला दोन बदल हवेत आणि दोन्ही शासनाच्या हातातले आहेत. पाच मार्केटांतले व्यापारी पाच संचालक निवडतात, तर पाच मार्केटांतल्या कामगारांनीही पाच निवडावेत, मार्केटमागे एक. मिरचीच्या धक्क्यावरच्या माथाडीचा त्रास फळ मार्केटातल्या माथाडीचा नसतो, एकट्या प्रतिनिधीने सगळे सांगावे ही अपेक्षाच चूक आहे. आणि मिरची-धान्य निवडणाऱ्या बायकांची नोंदणी करून त्यांना कामगार मतदारांच्या यादीत घ्यावे. त्या दररोज तिथे येतात, त्यांची नावे प्रत्येक गाळेधारकाला तोंडपाठ आहेत, यादी करायला एक आठवडाही लागणार नाही.